वेगवान आक्रमण : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील घाईचे गणित

एक चाल संपल्यावर पुढच्या चालीसाठी नियमाने मिळणारा पूर्ण अवधी न वापरता, खेळाडूंना मसलतीसाठी घोळक्यात न बोलावता, समोरचा संघ सावरण्यापूर्वीच चेंडू पुन्हा खेळात आणणे, या पद्धतीला अमेरिकी फुटबॉलमध्ये ‘अप-टेम्पो’ किंवा वेगवान आक्रमण म्हणतात. गेल्या दोन दशकांत महाविद्यालयीन फुटबॉलमधील क्वचितच एखाद्या डावपेचावर इतका वाद झाला असेल. या पद्धतीने काही संघांना राष्ट्रीय विजेतेपदाच्या उंबरठ्यापर्यंत नेले, काही प्रशिक्षकांच्या नोकऱ्या घालवल्या आणि नियम समितीला अनेकदा कामाला लावले. एखाद्या महाविद्यालयीन संघाने ही पद्धत स्वीकारावी की नाही, हा प्रश्न मात्र दर हंगामात कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात नव्याने विचारला जातो.

या प्रश्नाचा सर्वांत पूर्ण दस्तऐवज म्हणजे ओरेगन विद्यापीठाच्या संघाची २००७ ते २०१६ या काळातील वाटचाल आणि तिचे शिल्पकार चिप केली यांची कारकीर्द. या वाटचालीचे सार असे मांडता येते : वेग हा गुणकासारखा असतो. मूळ संख्या चांगली असेल तर तो ती वाढवतो. मूळ संख्या उणे असेल तर तोटाही तितक्याच इमानाने वाढवतो.

खेळातील दोन घड्याळे

वेगाचा वाद समजण्यासाठी या खेळातील दोन घड्याळे ध्यानात घ्यावी लागतात. पहिले सामन्याचे घड्याळ. सामना प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या चार भागांत, म्हणजे साठ मिनिटांचा असतो. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात; ते साधले की नवे चार प्रयत्न. हवेतून फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही किंवा चेंडू घेतलेला खेळाडू मैदानाच्या कडेबाहेर गेला तर हे घड्याळ थांबते. चेंडूधारक मैदानातच पाडला गेला तर ते सहसा चालूच राहते.

दुसरे घड्याळ दोन चालींमधील अवधीचे. इथे २००८ साल महत्त्वाचे ठरते. त्यापूर्वी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये पंचांनी चेंडू जागेवर ठेवून खूण केल्यावर पंचवीस सेकंदांची मोजणी सुरू होत असे. त्यामुळे खेळाची गती बऱ्याच अंशी पंचांच्या हालचालींवर अवलंबून असे. २००८ मध्ये चाळीस सेकंदांचे घड्याळ आले. ते आधीची चाल संपताक्षणीच सुरू होते. पंचांनी चेंडू ठेवला की आक्रमक संघ तो लगेच खेळू शकतो, किंवा उरलेले सगळे सेकंद संपेपर्यंत थांबू शकतो. गतीची किल्ली अशा रीतीने आक्रमक संघाच्या हाती आली.

कबड्डी पाहिलेल्या वाचकाला यातील मर्म लगेच कळेल. आघाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटांत तीस सेकंदांची प्रत्येक चढाई पुरेपूर ताणतो, तर पिछाडीवरचा संघ दमश्वास एक करून घाईने चढाया उरकतो. फुटबॉलमधील वेगवान आक्रमण म्हणजे पिछाडीच्या वेळी करायची ती घाई पहिल्या मिनिटापासून, आघाडीवर असतानाही करणे.

पूर्वपीठिका

घोळका न करता खेळण्याची कल्पना नवी नाही. शेवटच्या दोन मिनिटांत प्रत्येक संघ ती वापरत आला आहे. ती संपूर्ण सामनाभर वापरण्याचे धाडस व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅम वायश यांच्या सिनसिनाटी बेंगॉल्स संघाने केले, आणि लगोलग मार्व लेव्ही यांच्या बफेलो बिल्स संघाने जिम केली या क्वार्टरबॅकच्या हाती सूत्रे देऊन ती परिपूर्ण केली. बिल्स संघ सलग चार वेळा सुपर बोलमध्ये पोहोचला. त्यांतील पहिला, जानेवारी १९९१ मधला सामना या विषयाच्या अभ्यासकांसाठी कायमचा धडा ठरला. न्यूयॉर्क जायंट्सने चेंडू चाळीस मिनिटांहून अधिक काळ आपल्याकडे ठेवला आणि सामना २०-१९ असा जिंकला. वेगावरचा जुना उतारा संथपणा हाच होता, आणि तो लागूही पडला.

महाविद्यालयीन खेळात ही पद्धत शालेय मैदानांवरून आली. आर्कान्सामधील शालेय प्रशिक्षक गस माल्झान यांनी घाईचे, बिनघोळक्याचे आक्रमण हा एक स्वतंत्र विचार म्हणून विकसित केला आणि २००३ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. पुढे ते महाविद्यालयीन प्रशिक्षक झाले. २०१० च्या हंगामात ऑबर्न संघाच्या आक्रमणाची सूत्रे त्यांच्याकडे होती. तोवर देशाच्या दुसऱ्या टोकाला, युजीन या लहानशा शहरात, याच कल्पनेने आणखी वेगळे रूप घेतले होते.

ओरेगनचा प्रयोग

चिप केली न्यू हॅम्पशायर विद्यापीठातून २००७ मध्ये ओरेगनमध्ये आक्रमण-समन्वयक म्हणून आले आणि २००९ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. ओरेगन राज्याची लोकसंख्या बेताची; टेक्सास, फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियासारखी शालेय फुटबॉलची खाण तेथे नाही. बलाढ्य संघांशी अंगाबळाने झुंजण्याऐवजी त्यांना श्वास घेऊ द्यायचा नाही, हा मार्ग केली यांनी निवडला.

या पद्धतीचा पाया सरावात होता. विद्यार्थी खेळाडूंच्या सरावावर हंगामात आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते. केली यांनी मैदानावरचे बोलणे आणि समजावणे जवळजवळ बंद केले. ते सभागृहातील चित्रफितींवर सोपवले. मैदानावर संगीताच्या गोंगाटात एकामागून एक चाली होत. त्यामुळे तेवढ्याच तासांत ओरेगनचे खेळाडू इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा प्रत्येक चाल गिरवत. वेगवान आक्रमणाचा हा लाभ प्रेक्षकांना दिसत नाही, पण तो कदाचित सर्वांत मोठा आहे.

सामन्यात खेळाडूंना संदेश देण्यासाठी कडेवरून मोठे चित्रफलक उंचावले जात. चालींची संख्या मर्यादित आणि त्यांची नावे छोटी असत. क्वार्टरबॅकने लांबलचक सूचना द्याव्यात असे त्या पद्धतीत काही नव्हतेच. पुष्कळदा तो बचावातील एका विशिष्ट खेळाडूकडे पाही आणि त्याच्या हालचालीनुसार चेंडू धावकाला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे हे ठरवी.

फळ लवकर दिसले. केली यांच्या चार हंगामांत ओरेगनने ४६ सामने जिंकले आणि केवळ ७ गमावले. २०१० मध्ये संघाने नियमित हंगामात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपदाची अंतिम लढत गाठली. त्या हंगामात ओरेगनने सामन्यामागे सुमारे ४७ गुण मिळवले. १० जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे समोर होता माल्झान यांच्या आक्रमणावर उभा असलेला ऑबर्नचा संघ. शेवटच्या क्षणीच्या फील्ड गोलने ऑबर्नने सामना २२-१९ असा जिंकला. देशातील दोन अतिवेगवान आक्रमणे समोरासमोर आली आणि निकाल लागला तो बचावाच्या बळावर. ऑबर्नच्या बलदंड पुढच्या फळीने ओरेगनला धावत फक्त ७५ यार्ड मिळू दिले.

वेगाने नेमके काय साधते

वेगाचा पहिला परिणाम खेळाडू बदलण्यावर होतो. नियम असा आहे की आक्रमक संघाने खेळाडू बदलला तर बचावालाही बदल करण्याची संधी दिली पाहिजे. पंच तोवर चेंडू खेळू देत नाहीत. आक्रमक संघाने बदलच केला नाही तर बचावाला अशी हमी नसते. धावण्याच्या चालींसाठी आणलेले वजनदार खेळाडू मग फेकीच्या चालींतही मैदानातच अडकतात आणि तीनशे पौंडांचा माणूस सातव्या-आठव्या सलग चालीला धापा टाकू लागतो.

दुसरा परिणाम विचारावर होतो. बचावफळीला प्रत्येक चालीपूर्वी मांडणी ओळखायची असते, एकमेकांना खुणा करायच्या असतात, कोणी कोणाला अडवायचे हे ठरवायचे असते. वेळ नसला की बचाव-समन्वयक आपल्या पोतडीतील गुंतागुंतीचे डाव बाजूला ठेवून दोन-तीन साध्या मांडण्यांवर येतो. प्रतिस्पर्धी काय करणार हे आक्रमक संघाला त्यामुळे आधीच कळू लागते.

तिसरा परिणाम महाविद्यालयीन मैदानाच्या आखणीमुळे अधिक जाणवतो. चेंडू ठेवण्याच्या दोन खुणांच्या रांगांमधील अंतर महाविद्यालयीन मैदानावर चाळीस फूट असते. व्यावसायिक मैदानावर ते साडेअठरा फूट. चेंडू एका रांगेवर असला की मैदानाची एक बाजू फार मोठी मोकळी राहते. ती बाजू प्रत्येक चालीनंतर धावत जाऊन पुन्हा व्यापणे थकलेल्या बचावाला जड जाते.

चौथा परिणाम प्रतिस्पर्ध्याच्या तयारीवर होतो. सरावासाठी प्रत्येक संघ आपल्याच राखीव खेळाडूंना पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायला लावतो. वेगाची नक्कल एका आठवड्यात जमत नाही.

पण यातच या पद्धतीची एक मर्यादाही दडली आहे. केली यांच्या ओरेगनमधील सातही पराभवांकडे पाहिले तर चार पराभव हंगामाच्या पहिल्या सामन्यात किंवा हंगामाअखेरच्या बोल-सामन्यात झालेले दिसतात : २००९ मध्ये बॉइसी स्टेटविरुद्ध १९-८, त्याच हंगामाच्या रोझ बोलमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध २६-१७, नंतर ऑबर्नविरुद्ध २२-१९ आणि २०११ मध्ये एलएसयूविरुद्ध ४०-२७. या चारही सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला तयारीसाठी एका आठवड्याऐवजी कित्येक आठवडे मिळाले होते. अचंब्यावर उभा असलेला लाभ तयारीला वेळ मिळताच आटतो.

वेगाची किंमत

ओरेगनचे खरे औषध सापडले ते स्टॅनफर्डला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये ओरेगन अपराजित होता आणि सामन्यामागे पन्नासहून अधिक गुण मिळवत होता. युजीनमधील त्याच्याच मैदानावर स्टॅनफर्डने त्याला नियमित वेळेत १४ गुणांवर रोखले आणि जादा वेळेत १७-१४ असे हरवले. पुढच्या वर्षी, ७ नोव्हेंबर २०१३ रोजी, स्टॅनफर्डने साठ मिनिटांपैकी तब्बल ४२ मिनिटे ३४ सेकंद चेंडू आपल्याजवळ ठेवला, एका क्षणी २६-० अशी आघाडी घेतली आणि सामना २६-२० असा जिंकला. त्यांचा मार्ग जुनाच होता : भक्कम पुढची फळी, एकाच धावकाला पुनःपुन्हा चेंडू, चाळीस सेकंदांचे घड्याळ शेवटपर्यंत वापरणे. ओरेगनचे वेगवान आक्रमण बहुतांश वेळ कडेला उभे होते.

चेंडू किती वेळ हाती राहिला या आकड्याला केली महत्त्व देत नसत, आणि एका अर्थाने ते योग्यच होते. गुण मिळतात ते पाळ्यांतून. मात्र हा युक्तिवाद एका अटीवर टिकतो : आक्रमणाने गुण मिळवत राहिले पाहिजे. संथ संघाने तीन असफल चाली खेळून चेंडू परत दिला तर निदान दीड-दोन मिनिटे तरी जातात. वेगवान संघाच्या तीन फेका वाया गेल्या तर सामन्याच्या घड्याळावर अर्धे मिनिटही सरकत नाही आणि नुकतीच बाकावर बसलेली त्याची बचावफळी पाणी पिऊन होण्यापूर्वीच पुन्हा मैदानात येते. आक्रमणाच्या अपयशाचा भार दुसरेच अकरा जण वाहतात.

ओरेगनच्या बाबतीत हे पुढे स्पष्ट झाले. केली २०१३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेल्यावर मार्क हेल्फ्रिच यांनी सूत्रे घेतली. मार्कस मॅरियोटा हा असामान्य क्वार्टरबॅक असेपर्यंत यंत्र उत्तम चालले. १ जानेवारी २०१५ रोजी ओरेगनने फ्लोरिडा स्टेटला ५९-२० असे नमवून अंतिम सामना गाठला, जिथे ओहायो स्टेटने त्याला ४२-२० असे हरवले. पुढे २०१६ मध्ये पद्धत तीच असूनही संघ १२ पैकी ८ सामने हरला. वॉशिंग्टनविरुद्ध निकाल ७०-२१ असा लागला, बचावाने सामन्यामागे ४१ हून अधिक गुण दिले आणि हंगाम संपताच हेल्फ्रिच यांना जावे लागले.

याच वर्षी, २२ ऑक्टोबर २०१६ रोजी, टेक्सास टेक आणि ओक्लाहोमा यांच्या सामन्यात वेगाने गाठलेले टोक दिसले. टेक्सास टेकच्या पॅट्रिक महोम्सने ७३४ यार्ड चेंडू फेकला. दोन्ही संघांनी अगदी समसमान, प्रत्येकी ८५४ यार्ड मिळवले. ओक्लाहोमा ६६-५९ असा जिंकला. आपल्या आक्रमणाने ५९ गुण मिळवूनही हरणाऱ्या संघाला गती आणखी वाढवून काही मिळणार नव्हते.

अलीकडचे उदाहरण टेनेसीचे. जॉश ह्युपेल यांच्या संघाने २०२२ मध्ये सामन्यामागे सुमारे ४६ गुण मिळवून देशात पहिला क्रमांक गाठला आणि १५ ऑक्टोबरला अलाबामाला ५२-४९ असे हरवले. तीनच आठवड्यांनी जॉर्जियाच्या घरच्या मैदानावर, कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटात आणि पावसात, हेच आक्रमण १३ गुणांवर अडले. खुणांवर चालणाऱ्या घाईला आवाज मारक ठरतो. एक खेळाडू क्षणभर आधी हलला की पाच यार्डांचा दंड होतो आणि लय तुटते. त्यानंतर साउथ कॅरोलायनाने टेनेसीवर ६३ गुण चढवले. त्या दिवशी टेनेसीच्या आक्रमणाने ३८ गुण मिळवले होते.

पाळ्यांचे गणित

वेगाविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज असा की घाई केली की आपल्याला प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त पाळ्या मिळतात. तसे होत नाही. या खेळात पाळ्या आलटूनपालटून येतात. एका संघाला दुसऱ्यापेक्षा फार तर एखाद-दुसरी पाळी अधिक मिळू शकते. वेगामुळे वाढतात त्या दोघांच्याही पाळ्या.

उदाहरणादाखल समजा, एक संघ पाळीमागे सरासरी अडीच गुण मिळवतो आणि दुसरा दोन. दोघांना दहा-दहा पाळ्या मिळाल्या तर अपेक्षित फरक पाच गुणांचा. चौदा-चौदा मिळाल्या तर सात गुणांचा, म्हणजे चाळीस टक्क्यांनी अधिक. घसरलेला चेंडू, वाऱ्याने वळलेली किक अशा योगायोगांमुळे येणारा चढउतार मात्र पाळ्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे जेमतेम अठरा टक्क्यांनी वाढतो. सामना जितका लांबेल तितके नशिबाचे वजन कमी आणि गुणवत्तेचे वजन जास्त. निष्कर्ष सरळ आहे : वेग बलवानाच्या हिताचा असतो. दुबळ्याने सामना आखूड करावा.

आर्मी संघाने २२ सप्टेंबर २०१८ रोजी नेमके हेच केले. सैनिकी शिस्तीच्या, वजनाने हलक्या या संघाने कायलर मरेच्या बलाढ्य ओक्लाहोमाविरुद्ध चेंडू सुमारे ४५ मिनिटे स्वतःजवळ ठेवला आणि सामना जादा वेळेपर्यंत खेचला. ओक्लाहोमा २८-२१ असा कसाबसा सुटला.

मग ओरेगनसारख्या, मनुष्यबळाने बेताच्या संघाला वेग का फळला? कारण वेगाने पाळीमागील गुणही वाढवले. सरावातील जादा आवर्तने, प्रतिस्पर्ध्याची अपुरी तयारी, साध्या मांडण्यांवर उतरलेला बचाव, या सर्वांमुळे ओरेगन प्रत्येक पाळीत अधिक परिणामकारक झाला, आणि मग वेगाने त्या फरकाला गुणले. ज्या संघाची परिणामकारकता वेगामुळे वाढत नाही, त्याने ओरेगनची नक्कल करून केवळ पराभवाचे अंतर वाढवून घेतले.

नियमांची लढाई

वेगाचे सर्वांत वजनदार विरोधक अलाबामाचे निक सेबन होते. २०१२ मध्ये त्यांनी जाहीरपणे विचारले की फुटबॉल असाच व्हावा अशी आपली इच्छा आहे का. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एमच्या वेगवान संघाने अलाबामाला २९-२४ असे हरवले. फेब्रुवारी २०१४ मध्ये नियम समितीने प्रस्ताव मांडला की प्रत्येक अर्धाची शेवटची दोन मिनिटे सोडता, पहिल्या दहा सेकंदांत आक्रमक संघाने चेंडू खेळू नये, म्हणजे बचावाला खेळाडू बदलता येतील. उल्लंघनासाठी सुचवलेली शिक्षा होती सामना लांबवल्याबद्दलचा पाच यार्डांचा दंड. घाई केल्याबद्दल दिरंगाईची शिक्षा हा विरोधाभास टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही. समर्थनार्थ खेळाडूंच्या सुरक्षिततेचे कारण दिले गेले, पण वेगामुळे दुखापती वाढतात हे सिद्ध करणारी ठोस आकडेवारी पुढे आली नाही. मार्चमध्ये प्रस्ताव बाजूला ठेवला गेला.

सेबन यांनी मात्र हट्ट धरला नाही. त्याच वर्षी त्यांनी लेन किफिन यांना आक्रमण-समन्वयक नेमले आणि अलाबामानेही बिनघोळक्याचा खेळ आत्मसात केला. २०१५, २०१७ आणि २०२० ची राष्ट्रीय विजेतेपदे त्यानंतरची आहेत. आधीच बलाढ्य असलेल्या संघाच्या हाती वेग आला, आणि पाळ्यांचे गणित जे सांगते तेच घडले.

नियम पुढेही बदलत राहिले. पंचांना गती पेलावी म्हणून आठवा पंच आला. २०२३ पासून नवे चार प्रयत्न मिळाल्यावर घड्याळ थांबणे बंद झाले, फक्त प्रत्येक अर्धाच्या अखेरच्या दोन मिनिटांत ते थांबते. त्यामुळे एकूण चाली काहीशा घटल्या. २०२४ पासून सर्वोच्च श्रेणीत प्रत्येक बाजूच्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज पोहोचवण्याची मुभा मिळाली. चाळीसच्या घड्याळावर पंधरा सेकंद उरले की, किंवा चेंडू खेळात आला की, तो आवाज बंद होतो. २०२५ पासून, चेंडू जागेवर ठेवल्यानंतर एखादा खेळाडू दुखापत झाल्याचे दाखवून खाली बसला तर त्याच्या संघाचा एक टाइमआउट जातो. वेग मोडण्यासाठी लोळण घेण्याच्या जुन्या क्लृप्तीवर हा उपाय होता.

विद्यार्थ्यांच्या शरीराचा प्रश्न

२०१४ चा प्रस्ताव बारगळला तरी त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. प्रत्येक चाल म्हणजे बावीस शरीरांची एक टक्कर. सामन्यात चाली वाढल्या की टकरा वाढतात, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. पूर्वी बारा-तेरा सामन्यांत संपणारा हंगाम, विजेतेपदाची स्पर्धा २०२४ पासून बारा संघांची झाल्यावर, सतरा सामन्यांपर्यंत जाऊ शकतो. सप्टेंबरमधली चैन जानेवारीत महाग पडू शकते.

यावर मनुष्यबळ हा एक उतारा आहे. अनेक वर्षे संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती जाऊन, तडजोडीत सामील विद्यापीठांसाठी १०५ खेळाडूंची मर्यादा आली. ज्या संघाकडे दुसऱ्या-तिसऱ्या फळीतही सक्षम बचावपटू आहेत, तो वेगाचा भार वाटून घेऊ शकतो. ज्याच्याकडे अकरानंतर बारावा माणूस नाही, त्याच्या प्रशिक्षकाने वेग निवडला तर त्या निर्णयाची किंमत एकोणीस-वीस वर्षांच्या त्याच अकरा मुलांना मोजावी लागते.

निर्णयाच्या कसोट्या

यावरून एखाद्या संघाने स्वतःला विचारायचे प्रश्न निश्चित होतात. आपले आक्रमण वेगात खेळताना पाळीमागे अधिक गुण मिळवते की केवळ अधिक चाली खेळते? बहुतेक सामन्यांत आपण प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस असतो की उणे? चुका न करता क्षणात निर्णय घेणारा क्वार्टरबॅक आपल्याकडे आहे का, आणि तो जायबंदी झाला तर दुसरा कोण? बचावात किती खेळाडू आलटूनपालटून खेळवता येतील? आणि संघाचा सगळा सराव या गतीभोवती उभा करण्याची प्रशिक्षकाची तयारी आहे का? कारण हंगामाच्या मध्यात केवळ निकाल बिघडले म्हणून आणलेला वेग क्वचितच उपयोगी पडतो.

याच कसोट्या आकडेवारी वाचतानाही लागू होतात. वेगवान संघाचे सामन्यामागील गुण फुगलेले दिसतात आणि त्याचा बचाव वास्तवापेक्षा वाईट दिसतो, कारण दोन्ही बाजूंना पाळ्या जास्त मिळालेल्या असतात. तुलना करायची ती नेहमी पाळीमागील गुणांची.

आज बहुतेक यशस्वी संघांनी मधला मार्ग धरला आहे. बिनघोळक्याची मांडणी सर्रास असते, पण ती प्रत्येक वेळी घाईसाठी नसते. क्वार्टरबॅक घोळका न करता रांगेत उभा राहतो, बचावाची मांडणी न्याहाळतो आणि चाळीस सेकंद संपत आल्यावर चेंडू घेतो. मोठी चाल साधली, समोरचा बचाव विस्कळीत दिसला किंवा त्यातील एखादा दमलेला खेळाडू बदलीसाठी खुणावू लागला की मग मात्र पुढच्या दोन-तीन चाली विजेच्या गतीने होतात. वेग हा अशा संघांचा स्थायीभाव नसतो. तो योग्य क्षणी उपसायचे शस्त्र असतो.

या बदलाची साक्ष खुद्द चिप केली यांच्या कारकिर्दीनेच दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूसीएलएचे मुख्य प्रशिक्षकपद सोडून ते ओहायो स्टेटचे आक्रमण-समन्वयक झाले. तेथील मुख्य प्रशिक्षक रायन डे एकेकाळी न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांच्याच हाताखाली क्वार्टरबॅक म्हणून खेळले होते. त्या हंगामात ओहायो स्टेटचे आक्रमण देशातील संथ आक्रमणांत गणले जावे अशा गतीने खेळले. संघाने सोळा सामने खेळले. १ जानेवारी २०२५ रोजी रोझ बोलमध्ये त्याने ओरेगनला ४१-२१ असे हरवले आणि २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ असे नमवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. वेगाच्या प्रणेत्याने ओरेगनमध्ये असताना जे विजेतेपद तीन गुणांनी गमावले होते, ते चौदा वर्षांनी घड्याळाला पुरेपूर चालू देऊन त्याच्या हाती आले.